बोट मुंबईला लागेपर्यंत

भाषण संपल्यावर टाळ्या बराच वेळ वाजल्या. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी डोळे पुसत होत्या. शेवटच्या दहा मिनिटांत माझाही आवाज दोनदा अडकला होता. आभार मानणारे गृहस्थ म्हणाले, "आज मॅडमनी आपल्याला कादंबरी नुसती सांगितली नाही, जगायला लावली." मी खूष होऊन घरी आले. दोन महिन्यांनी त्याच वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या ताईंना सहज विचारलं, "'रणांगण' किती जणांनी नेलं हो?" त्यांनी कपाटातून प्रत काढली, मागचं पान उघडलं आणि तारखांची चिठ्ठी माझ्यासमोर धरली. शेवटचा शिक्का माझाच होता.

मी त्या चिठ्ठीकडे बघत उभी होते, तेवढ्यात भाषणाला आलेल्या एक काकू दिसल्या. हात धरून म्हणाल्या, "तुमचं ते बोटीचं अजून आठवतं हो! इतकं डोळ्यांपुढं उभं केलंत, की पुस्तक वाचायची गरजच उरली नाही." त्यांनी ते कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. मला मात्र चोरी उघडकीला आल्यासारखं झालं. पन्नास मिनिटांत मी एक आख्खी कादंबरी ऐंशी माणसांच्या हातून काढून घेतली होती, आणि वर त्याबद्दल नारळही घेतला होता.

आपल्याकडे कथा सांगायची जुनी आणि भक्कम रीत आहे. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला शेवट पाठ असतो. हरिश्चंद्राचं पुढं काय झालं हे कळावं म्हणून कुणी देवळात जात नाही. तिथं सांगणं हाच ग्रंथ. ऐकून घरी गेल्यावर वाचायचं काही शिल्लक राहत नाही, राहायलाही नको. मी नकळत कीर्तनच केलं होतं. पूर्वरंगात लेखकाचं चरित्र, उत्तररंगात बोट, आणि हुकमी जागी आवंढा. पुस्तकाची ओळख करून देणं हे निराळं काम आहे. तिथं दार उघडून आपण बाजूला व्हायचं असतं. मी उंबऱ्यावरच ठाण मांडून बसले होते.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. अंगानं लहान, दोन संध्याकाळींत संपेल अशी. युरोपातून मुंबईकडे निघालेली एक बोट. सांगणारा चक्रधर विध्वंस, मायदेशी परतणारा मराठी तरुण. उमा नावाच्या मुलीकडून दुखावला गेलेला, आणि त्या एकीपायी सगळ्याच बायकांवर दात धरून बसलेला. आणि हॅर्टा, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. बोटीवर तिच्यासारखे आणखी कितीतरी आहेत. त्याचा प्रवास मुंबईपर्यंत, तिचा शांघायपर्यंत. एवढं सांगितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. यापुढचं सगळं मी त्या पहिल्या भाषणात सांगितलं होतं; इथं सांगणार नाही. (साहित्याच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत पहिल्याच परिच्छेदात ते सांगून टाकलेलं असतं. परीक्षेला बसणाऱ्यांचा इलाज नाही. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.)

मी ती पहिल्यांदा वाचली एकोणिसाव्या वर्षी, मुख्यतः अभ्यासाला नव्हती म्हणून. तेव्हा ती मला प्रेमकथा वाटली. हॅर्टासाठी मी उशीत तोंड खुपसून रडले आणि मैत्रिणीला तीच प्रत सक्तीनं वाचायला लावली. चाळिशीत पुन्हा हातात घेतली तेव्हा रडू आलं नाही, राग आला. तेव्हा चक्रधर जास्त दिसला. स्वतःची हकीगत सांगणारा माणूस सहसा स्वतःला थोडं तरी घासूनपुसून पुढं करतो. हा करत नाही. आपल्या मनात कुठं काय कुजकं होतं, ते तो सपाट आवाजात सांगत जातो, आणि त्या सपाटपणानंच आपल्याला बसवत नाही. विध्वंस हे आपल्याकडचं खरंखुरं आडनाव आहे, ते ओळखीचं असलेल्या वाचकांना त्यात काही विशेष वाटणार नाही. तरी एका कादंबरीनं आपल्या नायकाला हेच आडनाव द्यावं, याचा विचार मी त्या वेळी पहिल्यांदा केला.

तिसरं वाचन भाषणाच्या तयारीसाठी, पेन्सील घेऊन. ते सगळ्यांत वाईट. भाषण करायचं म्हणून पुस्तक वाचणारा माणूस त्यात वाक्यं शोधत फिरतो, बाजारात भाजी निवडावी तसा. हे टाळीचं, हे डोळ्यांत पाणी आणणारं, हे शेवटाला ठेवू. मी चौदा ठिकाणी खुणा केल्या होत्या. पुस्तक कुठंच वाचलं नव्हतं.

चिठ्ठीवरचा तो शेवटचा शिक्का बघून घरी आले, आणि त्या रात्री चौथ्यांदा वाचायला बसले. पेन्सील नाही, वही नाही. आणि या वेळी एक अगदी साधी गोष्ट डोळ्यांत भरली, जी मी पहिल्या भाषणात 'प्रथम प्रकाशन' म्हणून अर्ध्या वाक्यात उरकली होती. साल. १९३९.

आपण वाचतो तेव्हा आपल्याला सगळं माहीत असतं. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा माहीत असतो. ऑशविट्झ हे नाव माहीत असतं. 'जर्मन ज्यू मुलगी' एवढे तीन शब्द कानावर पडले, की डोळ्यांपुढं काळीपांढरी चित्रं सुरू होतात. तारांची कुंपणं, मालगाड्या, चपलांचे ढीग. पण ऑशविट्झची छावणी उघडली ती १९४० साली, आणि तिथल्या विषारी वायूच्या कोठड्यांनी घाऊक माणसं मारायला सुरुवात केली ती १९४२ साली. हे पुस्तक त्याआधीचं आहे. हॅर्टाला यातलं काही माहीत नाही. चक्रधरला नाही. बेडेकरांनाही नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती चित्रं नाहीत, कारण ती अजून घडलेलीच नाहीत. बोटीवरच्या माणसांना वाटतंय ते एवढंच, की वाईट ते मागं पडलं, आता पुढचं बंदर कसं असेल.

माझी चूक मला तिथं सापडली. मी पन्नास मिनिटं १९४५ सालात उभी राहून बोलले होते. मागं वळून, सगळं कळून चुकलेल्या माणसाच्या आवाजात. 'बिचारी हॅर्टा, तिला काय ठाऊक' असा एक सूर माझ्या प्रत्येक वाक्याखाली वाजत होता. श्रोते रडले ते हॅर्टासाठी नव्हे, त्यांनी आधीच पाहिलेल्या दोनचार सिनेमांसाठी रडले. ते रडू त्यांच्याकडे तयारच होतं. मी फक्त तोटी सोडली.

वाचनालयाच्या कार्यवाहांना मी फोन केला. म्हटलं, मला पुन्हा एकदा बोलायचंय.

"कशावर?"

"'रणांगण'वर."

"अहो, ते झालं की मागच्या वर्षी! छान झालं होतं."

"म्हणूनच."

त्यांना काही कळलं नसावं, पण जुलैतली एक तारीख रिकामी होती. भर पावसात कुणी वक्ता मिळत नाही. ती मला मिळाली.

तयारी म्हणजे या वेळी मुख्यतः गाळणं होतं. सगळ्यांत आधी लेखकाचा परिचय गेला. मागच्या वेळी त्यात बारा मिनिटं गेली होती. १९०६ सालचा जन्म, नाटकं, चित्रपट, मालतीबाई बेडेकर म्हणजेच 'कळ्यांचे निःश्वास'च्या विभावरी शिरूरकर या त्यांच्या पत्नी, मग 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र आणि त्याला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार. सगळं खरं, सगळं महत्त्वाचं, आणि सगळं ऐकताना माणसं खुर्चीत नीट सावरून बसतात ती झोपेच्या तयारीनंच. मी एकच गोष्ट ठेवली. हा माणूस सिनेमाचा होता. वाक्य कुठं तोडायचं आणि माणूस कुठं वळवायचा, हे त्याला कळत होतं. ते तीस सेकंदांत सांगून होतं.

मग शब्द गेले. हृदयस्पर्शी. काळजाला हात घालणारी. अंतर्मुख करणारी. चटका लावणारी. डोळ्यांच्या कडा ओलावणारी. (कडाच का ओलावतात हे मला अजून कळलेलं नाही, रडणारा माणूस सगळाच ओला होतो.) हे शब्द पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत, ऐकणाऱ्यानं कसं वागायचं ते सांगतात. 'ही कादंबरी तुम्हाला रडवेल' हे वाक्य तर अरेरावीचंच आहे. एखाद्याला रडू नाही आलं, तर त्यानं काय करावं? कमी प्रतीचा वाचक म्हणून मान खाली घालावी? मी स्वतः चाळिशीत रडले नव्हते, आणि त्या वेळी ते पुस्तक मला एकोणिसाव्या वर्षापेक्षा जास्त लागलं होतं.

इतिहासही बराच गाळावा लागला, आणि ते खरं अवघड गेलं, कारण मी तोवर त्यात पुरती बुडाले होते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एव्हियाँ इथं बत्तीस देश एकत्र बसले, निर्वासित ज्यूंचं काय करायचं ते ठरवायला. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि जवळजवळ कुणीच दार उघडलं नाही. मे १९३९ मध्ये 'सेंट लुई' नावाची बोट नऊशेहून जास्त माणसं घेऊन हॅम्बुर्गहून हवानाला गेली. तिथं मोजके लोक सोडून कुणाला उतरू दिलं नाही, अमेरिकेनंही घेतलं नाही, आणि बोट त्या माणसांना घेऊन पुन्हा युरोपात आली. ही हकीगत सांगितली असती तर सभागृह स्तब्ध झालं असतं. पण मग लोक 'सेंट लुई' मनात घेऊन घरी गेले असते. माझ्या बोटीला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

तीनच गोष्टी ठेवल्या. तिन्ही पुस्तकातल्या नाहीत, त्या काळातल्या आहेत, आणि तिन्ही इतक्या लहान आहेत की हातात मावतात. एक, देश सोडून निघालेल्या ज्यू माणसाला जर्मनीतून बरोबर नेता येणारी रोकड दहा मार्क. दोन, पासपोर्टवर मारलेलं लाल 'जे' हे अक्षर. तीन, नाव. १९३९च्या जानेवारीपासून जर्मनीत ज्यू स्त्रियांना, त्यांचं नाव सरकारी यादीत बसणारं ज्यू नाव नसेल तर, मधलं नाव म्हणून 'सारा' लावणं सक्तीचं झालं, पुरुषांना 'इस्रायल'. म्हणजे हॅर्टासारखं नाव घेऊन फिरणारी मुलगी कागदावर हॅर्टा सारा झाली. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, माझ्या आजीचं बदललं होतं, ती शेवटपर्यंत माहेरच्या नावानं हाक मारली की वेगळ्या आवाजात ओ द्यायची. त्यामुळे हे तिसरं मला फार समजवायला लागणार नाही याची खात्री होती.

आणि शांघाय. शांघायच का, असा प्रश्न पहिल्या भाषणानंतर एका मुलानं विचारला होता आणि मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं होतं. उत्तर साधं आहे. बंदरावर उतरताना व्हिसा न मागणाऱ्या जगातल्या अगदी मोजक्या जागांपैकी ती एक होती. कुणी शांघायचं स्वप्न बघून निघालेलं नव्हतं. नकाशावरची बाकीची सगळी बंदरं खोडून झाल्यावर जे उरलं, ते शांघाय.

वाचून काय दाखवायचं याचाही घोळ बराच चालला. मागच्या वेळी मी शेवटाजवळचा उतारा वाचला होता, आवाजात चढउतार करून. आता मधलाच एक निवडला, ज्यात कुणी मरत नाही, कुणी रडत नाही, दोघं जण फक्त बोलतात. तो आरशासमोर वाचून बघितला. वाचताना जिथं जिथं आवाज जड झाला, तिथं पेन्सिलीनं 'सपाट' असं लिहिलं. बेडेकरांनी जे वाक्य कोरडं ठेवलंय, ते मी ओलं करायचं कारण नाही. आणि उतारा संपायच्या चार ओळी आधी पुस्तक मिटायचं ठरवलं. हा थोडा नाटकीपणा आहे, मान्य. पण तेवढा चालायला हरकत नाही.

बावीस जण आले. छत्र्या दाराशी ठेवल्या होत्या आणि त्यांचं पाणी ओघळत पहिल्या रांगेपर्यंत येत होतं. मी सुरुवातीलाच म्हटलं, की पुढचा अर्धा तास आपण सगळे १९३९च्या मध्यावर आहोत. युद्ध सुरू झालेलं नाही. होईल असं पेपरात येतं, होणार नाही असंही येतं. यापुढचं आपल्यापैकी कुणालाही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपा करून शेजारच्याला सांगू नये. लोक हसले. मग दहा मार्क, 'जे', सारा. मग बोट. चक्रधरबद्दल मी फारसं चांगलं बोलले नाही, त्यावर मागच्या रांगेतला एक कॉलेजातला मुलगा जरा चुळबुळला. ते मला आवडलं. पहिल्या भाषणात कुणी चुळबुळलं नव्हतं.

शेवटाकडे मी मोबाइलवर एक धून लावली. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन. पाच सेकंदांत सगळ्यांनी ओळखली. पूर्वी घरोघरी रेडिओ सुरू केला, की सकाळी कार्यक्रमांच्या आधी वाजणारी आकाशवाणीची धून. पुढं बसलेल्या एका काकांचे तर हात नकळत मांडीवर हलायला लागले. मी म्हटलं, ही धून रचली वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकारानं. तो ज्यू होता. मध्य युरोपातून १९३४ साली मुंबईत आला, उतरला, राहिला, मुंबई आकाशवाणीवर त्यानं नोकरी केली. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर कुणीच उतरलं नाही असं नाही. जे उतरले त्यांच्यापैकी एकाचे सूर तुमच्या आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी वाजत होते. आता आपली बोट मुंबईला येतेय. चक्रधर इथं उतरणार. हॅर्टाचा रस्ता शांघायचा.

आणि मी थांबले. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

शांतता पसरली, पण ती मागच्या वेळची भारावलेली शांतता नव्हती. गाडी मध्येच थांबल्यावर डब्यात पसरते ती. मग ते मांडीवर ताल धरणारे काका म्हणाले, "मग?"

"मग काय?"

"तो उतरला का? आणि तिचं काय झालं?"

"पुस्तकात आहे, काका."

काका भडकलेच. "म्हणजे? आम्ही एवढ्या पावसात आलो ते काय अर्धं ऐकायला? मागच्या वेळी तुम्ही सगळं सांगितलं होतंत म्हणे!" मी हात जोडले. मागून तो कॉलेजातला मुलगा म्हणाला, की त्याला चक्रधरच्या बाजूनं काही बोलायचंय. एक बाई म्हणाल्या, की पुरुष असेच असतात, त्यासाठी शांघायला जायची गरज नाही. दहा मिनिटं चांगली वादावादी झाली, ज्यात निम्म्या लोकांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि तरी ते हिरिरीनं मत देत होते. आभार मानणाऱ्यांना काय बोलावं ते सुचेना. त्यांनी पावसाचे आभार मानले.

मी स्वतःवर बऱ्यापैकी खूष होते. शेवट सांगायचा नाही हा माझा नियम आता पक्का झाला होता, आणि तो किती बरोबर आहे हे मी मनातल्या मनात कुणाला तरी समजावूनही देत होते. छत्री घेऊन निघाले, तर दाराशी एक बाई थांबलेल्या. पन्नाशीच्या आसपास. सगळा वेळ शेवटच्या खुर्चीवर बसून होत्या, वादात पडल्या नव्हत्या.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"मला हे पुस्तक न्यायचंय. पण मला आधी शेवट सांगा."

मी माझं ठरलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "आमच्या घरात चार महिन्यांपूर्वी एक गेलं. जायचं वय नव्हतं. आता मला कुठल्याही पानावर काय येईल याची भीती वाटते. टीव्ही पण लावत नाही मी. तुम्ही सांगितलंत, तर मी ठरवते काय ते."

वाऱ्यानं पाऊस आत येत होता. आम्ही दोघी चपलांच्या कपाटाला टेकून उभ्या राहिलो, आणि मी त्यांना शेवट सांगितला. सगळा. आवाज न अडकवता, एकही विशेषण न लावता, एखादी तारीख सांगावी तसा. सांगताना माझ्या लक्षात आलं, की मी इतकी वर्षं ते असं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. सांगितलंत ते बरं केलंत." आणि आत जाऊन काउंटरवर उभ्या राहिल्या.

मी निघून आले. त्यांनी पुस्तक नेलं की नुसती चौकशी केली, हे तेव्हा मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. नियम मोडल्याचं वाईट वाटत नव्हतं, पण एका दुखऱ्या माणसाच्या हातात आपण नक्की काय दिलं, हा प्रश्न काही दिवस मागं लागला होता. उलट सुलट दोन्ही वाटे. वाटे, की त्यांनी नेऊ नये. वाटे, की न्यावं.

गणपतीच्या सुमारास वाचनालयात गेले. काउंटरवरच्या ताईंनीच आपणहून विषय काढला. "तुमचं ते बोटीचं पुस्तक बाहेरच आहे बरं का. आणि पुढं तिघांची नावं लागलीत. ते काका दर शनिवारी येऊन मला बोलून जातात. मी काय करू, प्रत एकच आहे." मी म्हटलं, माझ्याकडची घरची प्रत देते काकांना. त्या म्हणाल्या, "नका देऊ. त्यांना वाचनालयाचीच हवीय, हक्कानं."

दिवाळीच्या आधी पुन्हा गेले, तेव्हा पुस्तक नुकतंच परत आलं होतं. काकांना अजून कळवायचं होतं. ताईंनी ते माझ्यापुढं सरकवलं. चिठ्ठीवर माझ्या शिक्क्याखाली एका सभासदाचे लागोपाठ तीन शिक्के. दोनदा मुदत वाढवून घेतली होती.

"एवढंसं पुस्तक, आणि तीनदा?" मी विचारलं.

"त्या बाईंनी. मी पण म्हटलं त्यांना. तर म्हणाल्या, बोट मुंबईला लागेपर्यंत वाचते, आणि मग परत पहिल्यापासून सुरू करते."

पुस्तकात एक बसचं तिकीट राहिलं होतं. शेवटाच्या बरंच अलीकडे. मी ते पान उघडून बघितलं नाही. ताईंनी विचारलं, "हे काढून टाकू का? काकांना चालायचं नाही, फार शिस्तीचे आहेत." मी म्हटलं, काढा. मग म्हटलं, थांबा, राहू दे. त्यांनी काकांना फोन लावला.